लष्करी न्यायाचे लेखक आणि त्यांचा गौरव

वाङ्मयाचे पारितोषिक म्हटले की आपल्यापुढे कादंबरी, कवितासंग्रह, फार तर एखादे चरित्र उभे राहते. कायद्यावरील पुस्तकाला कोणी पारितोषिक दिले, तर ते वकिलांच्या वर्तुळात राहते आणि इतरेजन त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यातून लष्करी कायदा म्हणजे कायद्याच्याही घरातील मागची खोली. तरीही अमेरिकेत ह्या एका विषयावर उत्तम लिहिणाऱ्यांसाठी स्वतंत्र सन्मान ठेवलेले आहेत. ही हकीकत कळल्यापासून माझे कुतूहल वाढत गेले. मी आयुष्य दिवाणी कज्जे चालविण्यात घालविले; पलटणीशी माझा संबंध दुरूनच. पण हा विषय वाचता वाचता मला असे वाटू लागले की तो जितका वकिलांचा आहे, त्याहून अधिक तुमच्या-आमच्यासारख्या साध्या घरांचा आहे.

इंदूरच्या वाचकांना हे पटविण्यास फार सायास पडू नयेत. चौदा मैलांवर महू आहे. होळकर संस्थानची स्वतःची फौज होती. संस्थान विलीन झाल्यावर तिच्यातील एक पलटण कुमाऊँ रेजिमेंटची पंधरावी पलटण झाली, आणि ग्वाल्हेरची पलटण तिच्या शेजारी चौदावी म्हणून उभी राहिली. राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत कोणाचे पणजोबा रिसाल्यात होते, कोणाचे मामा महूच्या छावणीत कारकून होते, कोणाचा नातू आज सीमेवर आहे. शिपायाला कोणता कायदा लागू होतो आणि त्याचा न्याय कोण करतो, हा प्रश्न अशा घरांना परका कसा असेल?

प्रथम हा कायदा म्हणजे काय, ते पाहू. नागरिकाने चोरी केली तर त्याचा निवाडा दंडाधिकारी करतो. शिपायाने पहाऱ्यावर झोप काढली, वरिष्ठाची आज्ञा मोडली किंवा पलटण सोडून पळ काढला, तर त्याचा निवाडा लष्करच करते. आपल्याकडील १९५० च्या सेना अधिनियमात कोर्टमार्शलचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्वांत वरच्या, जनरल कोर्टमार्शलमध्ये निदान पाच अधिकारी बसतात. त्यांच्याजवळ कायद्याचा सल्ला देणारा जज अॅडव्होकेट असतो, पण मत देण्याचा अधिकार त्यास नसतो. सर्वांत खालच्या, समरी कोर्टमार्शलमध्ये पलटणीचा मुख्य अधिकारी एकटाच न्यायालय असतो. दोन अधिकारी किंवा सुभेदार शेजारी बसतात, पण त्यांना न्यायासनाची शपथ नसते. ज्याच्या हुकमाखाली आरोपी रोज सकाळी कवायत करतो, तोच त्याचा न्यायाधीश. आणि एका वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा त्याच्या हाती असते.

ह्यात अन्यायच होतो, असे मी म्हणत नाही. लढाईच्या तोंडावर न्यायालयाच्या तारखांची वाट पाहता येत नाही, आणि शिस्त गेली की फौजेचा जमाव होतो, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणकडील आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले आज्ञापत्र पाहावे. रयतेच्या मालाला हात लावू नये, वैरण जपून वापरावी, दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गंजी जळतील म्हणून रात्री दिवे विझवावेत, इतक्या बारीक बाबी त्यात आहेत. शिस्त ही लेखी असावी आणि ती दुबळ्याच्या रक्षणासाठी असावी, हा विचार त्या पत्रात स्पष्ट दिसतो. प्रश्न एवढाच की शिस्त आणि न्याय ह्या दोन बैलांना एका जोखडाखाली कसे चालवावे. तो सोडविण्याचे काम तलवारीपेक्षा लेखणीनेच अधिक केले आहे.

अशा लेखणीवाल्यांत पहिले नाव घ्यावे ते विल्यम विन्थ्रॉप ह्यांचे. १८३१ साली जन्मलेले हे अमेरिकन गृहस्थ येल विद्यापीठात शिकले, वकील झाले, आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच साधे शिपाई म्हणून भरती झाले. त्यांचे बंधू थिओडोर हे होतकरू कादंबरीकार; ते त्याच वर्षी जूनमध्ये बिग बेथेलच्या लढाईत पडले. विल्यम वाचले, लष्कराच्या कायदाखात्यात गेले आणि तिथेच त्यांनी उमर काढली. धुळीने भरलेल्या दप्तरांतून त्यांनी जुने निवाडे, हुकूम आणि अभिप्राय वेचले. १८८६ साली त्यांचा लष्करी कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८९६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. खात्याचे प्रमुखपद त्यांना कधीच मिळाले नाही. १८९९ साली ते वारले.

मग गौरव कोठे झाला? तो झाला मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. इंग्लंडमधील अमेरिकन हवाई तळावर एका सार्जंटाच्या पत्नीने पतीचा खून केला आणि लष्कराने तिच्यावर कोर्टमार्शल चालविले. ती लष्करात नव्हती, नागरिक होती. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की तिला कोर्टमार्शलपुढे उभे करता येत नाही. आणि त्या निकालात न्यायालयाने विन्थ्रॉपना लष्करी कायद्याचे ब्लॅकस्टोन म्हटले. इंग्रजी कायद्याच्या अभ्यासकांना ब्लॅकस्टोनचे नाव म्हणजे आपल्याकडे विज्ञानेश्वराचे नाव. पुढे २००६ साली ग्वांतानामोच्या कैद्याचा खटला त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींनी आणि त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी, दोघांनीही आधारासाठी विन्थ्रॉपचेच पान उघडले. परस्परविरुद्ध उभ्या असलेल्या दोन्ही पक्षांना ज्याच्या प्रामाणिकपणाची खात्री वाटते, त्या लेखकाला आणखी कोणते पदक हवे?

दुसरे नाव फ्रान्सिस लीबर ह्यांचे. हे मूळचे बर्लिनचे. कोवळ्या वयात १८१५ च्या मोहिमेत नेपोलियनविरुद्ध लढताना नामूर येथे जखमी झाले, पुढे अमेरिकेत येऊन प्राध्यापक झाले. वीसएक वर्षे ते दक्षिण कॅरोलिनात शिकवीत होते. तिथे त्यांनी स्वतः गुलामही बाळगले, हे लपविण्यात अर्थ नाही. नंतर ते न्यूयॉर्कला गेले. यादवी युद्धाने त्यांचे घर दुभंगले. थोरला मुलगा ऑस्कर दक्षिणेच्या बाजूने लढला आणि १८६२ मध्ये जखमांनी मेला. दुसरा हॅमिल्टन उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावून बसला. तिसरा नॉर्मन हाही उत्तरेच्या फौजेत होता. अशा बापाने युद्धाचे नियम लिहावेत ह्यात महाभारतातील एखाद्या प्रसंगाचा भास होतो.

लीबरनी तयार केलेली १५७ कलमांची संहिता राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांच्या मान्यतेने २४ एप्रिल १८६३ रोजी सामान्य हुकूम क्रमांक १०० म्हणून निघाली. कैद्यांना कसे वागवावे, लुटीला कोणती शिक्षा असावी, शत्रूच्या मुलखातील नागरिकांचे रक्षण कसे करावे, हे सर्व तीत आहे. युद्धाच्या गरजेच्या नावाखाली तीत कठोरपणालाही जागा आहे. शत्रूला उपाशी ठेवणे ती गैर मानीत नाही. तथापि १८७४ ची ब्रुसेल्स परिषद आणि १८९९ ची हेग परिषद ह्यांतील नियमांचे मूळ शोधत गेले की ह्या संहितेपाशी पोचावे लागते. धाकटे नॉर्मन पुढे लष्कराचे मुख्य कायदाधिकारी झाले. ज्या पदावर विन्थ्रॉप कधी बसले नाहीत, त्यावर हे बसले.

पण ग्रंथ असूनही अन्याय टळत नाही, हे १९१७ साली दिसले. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात चोविसाव्या पायदळ पलटणीचे काळे शिपाई तळ देऊन होते. शहरातील वर्णद्वेष आणि पोलिसांची मारहाण ह्यांनी त्रस्त झालेल्या शिपायांचा २३ ऑगस्टच्या रात्री उद्रेक झाला, रक्तपात झाला. पहिल्या कोर्टमार्शलमध्ये एकाच वेळी ६३ शिपाई आरोपी होते आणि त्यांचा बचाव करण्यास एकच अधिकारी होता. ११ डिसेंबरच्या पहाटे १३ जणांना फाशी देण्यात आली. वरच्या कोणाकडे अपील नाही, वॉशिंग्टनला कागद पाहू देण्याचीही सवड नाही. लोकांना वार्ता कळली तेव्हा सर्व संपले होते. पुढील खटले धरून एकूण १९ जण फासावर गेले.

ह्या प्रकाराने लष्कराच्या कायदाखात्यातच एक माणूस अस्वस्थ झाला. सॅम्युएल अॅन्सेल हे त्याचे नाव. जानेवारी १९१८ पासून फाशीची शिक्षा कायदाखात्याच्या तपासणीशिवाय अंमलात आणू नये असा हुकूम निघाला. पण अॅन्सेलना तेवढ्याने समाधान नव्हते. आपल्याच वरिष्ठांशी, जनरल क्राउडर ह्यांच्याशी, त्यांचा जाहीर वाद झाला. १९१९ साली, लष्करातून बाहेर पडल्यावर, त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात ‘लष्करी न्याय’ ह्या विषयावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कोर्टमार्शल हे सेनापतीच्या मर्जीचे हत्यार नसून खरेखुरे न्यायालय असले पाहिजे. त्या वेळी त्यांचे सारे म्हणणे कोणी मान्य केले नाही. परंतु अॅन्सेलच्या हाताखाली काम केलेले एडमंड मॉर्गन हे पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नवी संहिता तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. ५ मे १९५० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी त्या संहितेवर सही केली, आणि नागरी न्यायाधीशांचे अपील न्यायालय लष्कराच्या माथ्यावर आले. एका लेखाचे पीक यायला ३१ वर्षे लागली.

आणि ह्यूस्टनच्या शिपायांचे काय? इतिहासकारांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनी ती दप्तरे पुन्हा वाचली, त्यांवर लिहिले, अर्ज केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने त्या प्रकरणातील सर्व ११० जणांची दोषसिद्धी रद्द केली. १०६ वर्षांनी आलेल्या न्यायाने कोणी परत येत नाही. पण नातवंडा-पतवंडांच्या घरावरील डाग गेला. ज्यांच्या घरी पलटणीचा वारसा आहे त्यांना ह्याचे मोल सांगावे लागू नये.

एवढे पाहिल्यावर ते सन्मान कशासाठी आहेत, हे ध्यानी येते. १९९१ साली वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय लष्करी न्याय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी केव्हिन बॅरी हे किनारा-रक्षक दलाचे निवृत्त कप्तान. लष्करी न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केलेले. लष्करी कायद्यावर प्रसिद्ध झालेल्या उत्कृष्ट लेखनासाठी ह्या संस्थेने त्यांच्या नावाचे पारितोषिक ठेवले. विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी तिने आणखी एक ठेवले. ते नौदलाचे माजी मुख्य कायदाधिकारी रिअर अॅडमिरल जॉन जेन्किन्स ह्यांच्या नावाचे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय कायदा संस्थेतील अभ्यासमंडळाने युद्धविषयक कायद्यावरील लेखनासाठी लीबरच्या नावाचे पारितोषिक ठेवले आहे. ते ग्रंथालाही मिळते आणि लेखालाही. अट एवढीच की लेखकाचे वय पस्तिशीच्या आत असावे.

ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटली. म्हातारपणी शाल-श्रीफळ देऊन मोकळे होणे सोपे असते. ह्या विषयावर लिहिणारा तरुण बहुधा स्वतः गणवेशात असतो. ज्या व्यवस्थेचा दोष दाखवायचा तीच त्याची बढती ठरविणार असते. त्याला उघडपणे कोणी सांगितले की तुझे लिहिणे मोलाचे आहे, तर त्याच्या लेखणीला आधार मिळतो. विन्थ्रॉपना तसे सांगणारे न्यायालय ५८ वर्षे उशिरा आले. पारितोषिकाचे काम हा उशीर कमी करण्याचे आहे. रकमेचा भाग त्यात गौण होय.

आता आपल्या घरात डोकावू. महूच्या छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ ह्यांच्या घरी भीमराव जन्मले. लष्करी शाळेतील शिक्षकाच्या ह्या मुलाच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने भारताच्या संविधानाचा मसुदा केला. त्या संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करावेत हे ठरविण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि १३६ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाच्या खास परवानगीच्या अपिलातून कोर्टमार्शल वगळले. २२ जुलै १९५० रोजी सेना अधिनियम अंमलात आला. अमेरिकेने ज्या वर्षी नागरी न्यायाधीशांचे अपील न्यायालय लष्कराला दिले, त्याच वर्षी आपण दिले ते अर्ज करण्याचे स्वातंत्र्य. उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा होता, पण तेथे पुरावा नव्याने तोलला जात नसे.

त्या काळातील एक प्रसंग सांगतो. ओळखीचे एक निवृत्त हवालदार जुने कागद घेऊन माझ्याकडे आले होते. समरी कोर्टमार्शलमध्ये त्यांची नोकरी गेली होती. कज्जा लढविण्याची मुदत आणि त्यांची उमेद दोन्ही सरली होती. त्यांना फक्त एक विचारायचे होते. ‘वकीलसाहेब, मी दोषी कशावरून, ते ह्यात कुठे लिहिलंय तेवढं दाखवा.’ मी सारे कागद चाळले. दोषी, हा शब्द होता. कशावरून, ते नव्हते. ते कागद नीट घडी घालून परत पिशवीत ठेवीत ते म्हणाले, ‘म्हणजे मला वाचता येत नाही म्हणून नव्हे तर!’ त्यांच्या स्वरात राग नव्हता. हाच प्रश्न १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की कोर्टमार्शलने कारणे नोंदविलीच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. पुढे लष्कराच्या नियमांत दुरुस्ती होऊन जनरल कोर्टमार्शलसाठी थोडक्यात कारणे देण्याची तरतूद आली.

अपिलाचा प्रश्न त्याआधीच ऐरणीवर आला होता. १९८२ साली लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. पण नागरी गुन्हेगाराला एकामागून एक अपिले आणि सैनिकाला एकही नाही, ही मोठी उणीव असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. १९९९ साली विधी आयोगाने आपल्या १६९ व्या अहवालात स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली. २००७ साली कायदा झाला, आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्ते झाले. न्यायाधीश आणि अनुभवी सेनाधिकारी तेथे शेजारी बसून शिपायाचे अपील ऐकतात. मुंबईतही त्याचे पीठ आहे. १९५० पासून मोजले तर ५९ वर्षे झाली. निकालपत्रातील एक परिच्छेद, आयोगाचा एक अहवाल, अभ्यासकांचे लेख, अशा कागदाच्या पायऱ्यांवरून हा न्याय वर चढला.

आपल्या देशात लष्करी लेखनाचा गौरव नवा नाही. १८७० साली स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचे निबंधासाठीचे सुवर्णपदक फार जुने आहे. लष्करी कायदा शिकविणारी सेनेची संस्था तर नागपूरजवळ कामठीला, मराठी मुलखात आहे. मग मराठीत ह्या विषयावरचे लेखन घडावे आणि त्याचा मान व्हावा, अशी अपेक्षा करणे हे काही चंद्र मागणे नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या वाङ्मयसंस्था दरवर्षी कथा-कवितांना बक्षिसे देतात, ती आनंदाने द्यावीत. त्यांतील एक बक्षीस एखाद्या वर्षी अशा पुस्तकासाठी राखून ठेवावे, जे शिपायाला त्याच्याच भाषेत सांगेल की तुझ्यावर आरोप आला तर तुला काय विचारता येते, बचावासाठी कोणाला बोलावता येते, आणि शिक्षेविरुद्ध किती दिवसांत कोठे जाता येते.

असे पुस्तक लिहिणारा बहुधा एखादा निवृत्त सुभेदार असेल, किंवा कामठीत शिकलेला एखादा तरुण कप्तान. त्याची भाषा कदाचित ओबडधोबड असेल, अलंकार नसतील. परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापू नयेत. पुस्तकाच्या दहा प्रती पलटणीच्या वाचनालयात फाटेपर्यंत वाचल्या गेल्या, तर बक्षीस योग्य माणसाला गेले असे समजावे.